मैफल असो की पाखरू, ‘मधुर’ सोडून दुसरं काय लिहावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोसायटीच्या अंकासाठी तुम्ही दोन सदरं लिहिता, एक ऐकलेल्या मैफलींवर आणि दुसरं सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर ऐकू येणाऱ्या पक्ष्यांवर. दोन्हीकडे ‘मधुर’, ‘सुरेल’ आणि ‘मंजुळ’ हेच तीन शब्द आलटून पालटून येतात. म्हणून तुम्हाला गाण्यासाठी आणि पक्ष्यांसाठी शब्दांची वेगवेगळी यादी हवी आहे.

शब्द खाली बरेच येतील. पण तुमची अडचण शब्दांच्या तुटवड्याची आहे असं मला वाटत नाही. मी बरीच वर्षं वर्तमानपत्रांसाठी मैफलींची परीक्षणं लिहीत आले आहे आणि नव्याने लिहिणाऱ्यांचे मजकूर तपासतही आले आहे. ‘मधुर’ खोडून तिथे ‘श्रवणीय’ किंवा ‘कर्णमधुर’ घातलं तरी वाक्य होतं तितकंच पोकळ राहतं. हे सगळे शब्द ऐकणाऱ्याला काय वाटलं एवढंच सांगतात. आवाजाने काय केलं, ते वाचणाऱ्याला कळतच नाही. त्यामुळे विशेषणाच्या आधी क्रियापद शोधा. सूर कुठे लागला, किती टिकला, तिथून सरकत गेला की उडी मारून गेला, कुठे थांबला, परत आला का? याची उत्तरं लिहिलीत की विशेषणं लागतात ती एखाददुसरीच.

किती तांत्रिक व्हायचं, हे वाचणारा कोण यावर ठरतं. गाणं शिकलेल्यासाठी ‘पंचम वर्ज्य ठेवून’, म्हणजे पाचवा सूर न लावता, एवढं पुरतं. सोसायटीच्या अंकात तेच वाक्य निम्मे लोक ओलांडून पुढे जातील. पक्ष्यांचंही तसंच आहे. नोंदवहीत अचूकपणा हवा, सदरात चित्र हवं. ऐकलंत कुठे यानेही फरक पडतो. घरगुती बैठकीत बिनमाईक ऐकलेला आवाज आणि सवाई गंधर्व महोत्सवाच्या मुकुंदनगरच्या मंडपात ऐकलेला आवाज यांचं वर्णन एकाच शब्दांत होऊ शकत नाही. मंडपातला भरदारपणा कधीकधी गायकाचा नसून ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याचा असतो. मी तर मोठ्या मंडपातल्या आवाजाच्या पोताबद्दल शक्यतो लिहीतच नाही, सूर आणि लय यांवरच राहते.

आधी तुमच्या तीन शब्दांचा हिशेब करू, कारण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘सुरेल’ म्हणजे सुरात असलेला. ही जवळजवळ मोजता येणारी गोष्ट आहे. तानपुऱ्याशी आवाज मिळाला की नाही, ते ऐकू येतं. ‘गोड’ किंवा ‘मधुर’ हा आवाजाच्या जातीचा गुण आहे. आवाज गोड असून कणसूर, म्हणजे किंचित बेसूर, लागू शकतो आणि रांगडा असून अगदी सुरेल असू शकतो. ‘मंजुळ’मध्ये बारीक, नाजूक, हलका आवाज अपेक्षित आहे. भीमसेन जोशी आणि हिराबाई बडोदेकर दोघंही किराणा घराण्याचे, सुराला सगळ्यात वर ठेवणारे, आणि दोघांनाही ‘सुरेल’ म्हणणं बरोबर आहे. पण भीमसेनजींच्या गाण्याला ‘मंजुळ’ म्हणून पाहा, तुमचं तुम्हालाच हसू येईल. हिराबाईंच्या नाजूक, शांत लगावाला मात्र तो शब्द शोभतो. एकाच घराण्यात दोन इतके वेगळे गळे असू शकतात, मग तीन शब्दांत सगळ्या गायकांना कसं बसवणार?

आवाजाच्या पोतासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे आणि गाणारी, ऐकणारी माणसं ते रोज वापरतात. भरदार, मोकळा, गोल, रुंद, पल्लेदार, धारदार, टोकदार, पातळ, किनरा, बसका, घोगरा, चिरका, पिचका, कापरा, दाबलेला, नाकातला. ‘पल्लेदार’ म्हणजे नुसता मोठा नव्हे. खालच्या खर्जापासून वरच्या तार सप्तकापर्यंत फिरून कुठेही न विरणारा. ‘जवारीदार’ हा शब्द तानपुऱ्यावरून आला. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी जुळली की तार नुसती वाजत नाही, झंकारते. तसा झंकार गळ्यात असेल तेव्हाच हा शब्द वापरा, कौतुक म्हणून कुणाच्याही नावापुढे लावू नका.

वाईट आवाजाबद्दल लिहायला लोक कचरतात. आपल्या जुन्या शास्त्रकारांना तो संकोच नव्हता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त गायकांचे २५ दोष नावानिशी दिले आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, भीत भीत गाणारा भीत, तोंड भयंकर वासून गाणारा कराली, मान उंटासारखी वर काढणारा करभ, गाल भोपळ्यासारखे फुगवणारा तुंबकी, डोळे मिटून घेणारा विनिमीलक, आणि कावळ्यासारखा आवाज असलेला काकी. यातले निम्मे दोष आजही कुठल्याही महोत्सवात पहिल्या रांगेतून दिसतात. सोसायटीच्या अंकात हे शब्द वापरू नका, तुमची बैठक व्यवस्था बदलेल. त्याची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. ‘वाईट गातो’ असं न म्हणता दात, मान, गाल, डोळे यांचं नेमकं काय होतंय, ते तो सांगतो.

आता सुराची चाल. इथे चार-पाच शब्द नीट कळले तरी तुमचं लिखाण बदलेल. एका सुरावरून दुसऱ्यावर मध्ये न तुटता सरकत जाणं म्हणजे मींड. मुख्य सुराला जाता जाता शेजारच्या सुराचा निसटता स्पर्श म्हणजे कण. दोन-तीन सूर हलकेच, झटपट वळवून घेतले की मुरकी. तेच जरा जोर देऊन, झटक्याने घेतले की खटका. सूर जागच्या जागी सावकाश झुलवला की आंदोलन, दरबारी रागाच्या गंधारावर ऐकू येतं ते. तोच झोका जोरकस आणि भरीव झाला की गमक. तानेतला प्रत्येक सूर सुटा ऐकू आला तर ती दाणेदार, सरळ चढून सरळ उतरली तर सपाट. मैफलीत शेजारचा माणूस मांडीवर थाप मारून ‘काय जागा घेतली!’ म्हणतो, ती ‘जागा’ बहुधा यांतल्याच दोन-तीन गोष्टींची मिळून झालेली असते.

तुम्ही नमुना म्हणून दिलेलं वाक्य होतं, ‘त्यांनी बागेश्री अतिशय मधुर गायला.’ त्याऐवजी समजा असं लिहिलंत: ‘बागेश्रीतल्या मध्यमावर त्या इतका वेळ थांबल्या की तबलजीही ठेका सांभाळून वाट पाहत राहिला, मग एका लांब मींडेने गंधारावर उतरल्या आणि मुखडा पकडून समेवर आल्या.’ यात मध्यम म्हणजे काय हे माहीत नसलेल्यालाही थांबणं, उतरणं आणि येऊन पोचणं कळतं. माहीत असलेल्याला राग दिसतो. एकही कौतुकाचा शब्द नाही, पण गाणं आवडलं होतं हे लपत नाही.

आता पक्ष्यांकडे वळते. हीच सगळी शब्दसंपत्ती उचलून पाखरांना लावायचा मोह होतो. काही शब्द लावता येतात, काही अजिबात नाही.

लावू नयेत ते आधी सांगते. ‘कोकिळ पंचमात गातो’ हे वाक्य निरीक्षण म्हणून लिहू नका. तो जुन्या ग्रंथांतला संकेत आहे. शार्ङ्गदेवानेच सात सुरांना सात प्राणी दिले आहेत: मोर, चातक, बोकड, क्रौंच, कोकिळ, बेडूक आणि हत्ती. त्यात कोकिळाच्या वाट्याला पंचम आला. पण पंचम ठरतो षड्जावरून, म्हणजे ‘सा’वरून, आणि षड्ज ठरवतो गाणारा. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी पांढरी चारमध्ये. झाडावरच्या कोकिळामागे तानपुरा नाही, मग त्याचा सा कोणता आणि पंचम कशाचा? याच कारणासाठी ‘दयाळाने भूप आळवला’ वगैरेही टाळा. रागाचं नाव आलं की जाणकार वाचक खरेखोटे सूर तपासायला बसतो.

‘वरच्या पट्टीतला’, ‘टिपेचा’ हे शब्दही पाखरांना जपूनच लावा. माणसाच्या गाण्यातले मूळ सूर बहुतेक एक किलोहर्ट्झच्या आतच असतात. पाखरांची गाणी साधारण १ ते ८ किलोहर्ट्झमध्ये येतात. आपल्या मानाने जवळजवळ सगळीच पाखरं टिपेला गातात, त्यामुळे तुलना करायची तर पाखराची पाखराशी करा. भारद्वाजाचा ‘हूंप हूंप हूंप’ खोल, त्यापेक्षा कोकिळ वर, आणि शिंजीर, चष्मेवाला अगदी वर. वाढत्या वयात हे सगळ्यात वरचे बारीक आवाजच आधी ऐकू येईनासे होतात. तुम्ही निवृत्त आहात असं लिहिलंय, म्हणून सुचवते: महिन्यातून एकदा एखाद्या कॉलेजच्या मुलाला टेकडीवर बरोबर घेऊन जा आणि ‘तुला काय ऐकू येतंय’ विचारा. यादी लांबेल.

‘दमसास’ हा तिसरा शब्द. गायकाच्या लांब तानेचं कौतुक आपण दमसासावर करतो. पाखरांचं यंत्रच निराळं आहे. आपलं स्वरयंत्र घशात, त्यांचं खाली छातीत, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथे. त्याच्या दोन बाजू स्वतंत्रपणे कंप पावू शकतात, म्हणून काही पक्षी एकाच वेळी दोन सूर काढू शकतात. कॅनरीसारखे पक्षी तर दोन टिपांच्या, म्हणजे सुट्या सुरांच्या, मधल्या फटीत छोटे छोटे श्वास घेत राहतात. लांब गाणं ऐकून ‘केवढा दम’ असं वाटतं, ते आपण त्यांच्या जागी स्वतःला ठेवतो म्हणून.

लावता येतात ते शब्द म्हणजे चालीचे. कोकिळाच्या ‘कुऊ’मध्ये सूर खालून वर सरकतो, त्याला मींड म्हणायला माझी हरकत नाही. पुढचा प्रत्येक ‘कुऊ’ आधीच्यापेक्षा वर आणि मोठ्याने येतो, चढत चढत अगदी टोकाला जातो, आणि एकदम तुटतो. थोड्या वेळाने पुन्हा खालून सुरुवात. वर्णन करायचं ते या चढण्याचं आणि तुटण्याचं. ‘कोकिळेचा गोड गळा’ हे लहानपणापासून ऐकून आपण ते ऐकणंच सोडून दिलंय. आणि गातो तो नर, मादी ‘किक्-किक्-किक्’ करते, हे तुम्हाला माहीत असेलच. पावशाही असाच चढत जातो, पण त्याचा तुकडा तीन टिपांचा, ‘पेर-ते-व्हा’, आणि धार जास्त. उन्हाळ्याच्या शेवटी दोघं एकाच टेकडीवर ओरडत असतात आणि नवखे लोक घोटाळा करतात. टिपा मोजल्या की सुटतो.

तांबट पक्षी म्हणजे एक सूर आणि एक लय. ‘टुक टुक टुक’, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, ना चढ ना उतार. कसब्यातल्या तांबट आळीत भांड्यांची ठोकाठोक ऐकलेल्या माणसाला त्याच्या नावाचं स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. गंमत अशी की तो डोकं इकडेतिकडे फिरवत असल्यामुळे आवाज कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो. शिंपी एवढासा, पण त्याचं ‘टुविट्-टुविट्-टुविट्’ अख्ख्या गल्लीला पुरतं. सुभग लांब शीळ घेऊन शेवटी सूर एकदम खाली टाकतो, ‘वीऽऽऽट्यू’. नाचण सात-आठ स्वच्छ टिपांत चढतो आणि उतरतो. त्याला छोटी सपाट तान म्हणता येईल. पावसाळ्यात ताम्हिणीकडे गेलात तर शीळकरी कस्तूर ऐका. कुणी मुलगा कामधंदा नसताना शीळ घालत हिंडतोय असंच वाटतं, सूर वर जातो, खाली येतो, पण कुठे पोचायची घाई नाही. तिथे ‘रेंगाळत’ हा एक शब्द सगळं काम करतो.

आवाज अक्षरांत उतरवताना देवनागरीचा पुरेपूर फायदा घ्या, तो लोक घेत नाहीत. ‘ई’ वरच्या सुराचा भास देते, ‘ऊ’ खालच्या. ऱ्हस्व-दीर्घाने टिपेची लांबी दाखवता येते, अवग्रहाने ती हवी तेवढी ताणता येते. पाय मोडला की आवाज कापला गेल्याचं दिसतं: ‘टुक’ आणि ‘टुक्’ यांत फरक आहे. आवाज ठोस सुरू झाला तर ट, क, च. हवेतून उगवल्यासारखा आला तर व, ह. घुमारा असेल तर अनुस्वार, खरखर असेल तर र्र. ‘चर्र्र’ लिहिलं की दयाळाची भांडणाची हाक डोळ्यासमोर येते आणि ‘स्वीऽऽयू’ लिहिलं की त्याची शीळ. दोन्ही एकाच पक्ष्याच्या आहेत, म्हणून हाक आणि गाणं यांत फरक करायची सवय लावा. धोक्याची सूचना, थव्याशी संपर्क, पिल्लांना बोलावणं ही हाक; विणीच्या काळात, बहुतेक नराने, हद्द राखायला आणि मादीला बोलवायला घेतलेलं ते गाणं. सगळ्याला सरसकट ‘गात होता’ लिहिलं तर साप पाहून किंचाळणारी साळुंकीही गायिका ठरते.

या अक्षरांची खात्री करायला दोन साधनं मी वापरते. पक्षी ओळखणारं मर्लिनसारखं मोफत ॲप आवाजाचा आलेख समोर सरकताना दाखवतं. आडवी रेष म्हणजे स्थिर सूर, तिरपी म्हणजे मींड, सुटे ठिपके म्हणजे ठोके, आणि पसरट डाग म्हणजे ज्यात सूरच नाही अशी खरखर. ॲपने सांगितलेलं नाव मात्र पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छापू नका. दुसरं साधन म्हणजे फोनवर ध्वनिमुद्रण करून ते निम्म्या वेगाने ऐकणं. वेग निम्मा केला की (ॲप पट्टी तीच धरून ठेवत नसेल तर) आवाज एक सप्तक खाली येतो आणि जे नुसतं ‘चिवचिव’ वाटत होतं त्यात खटके, मुरक्या, अगदी लहान मींडा सुट्या सुट्या ऐकू येतात. गाणं शिकलेल्या माझ्या मैत्रिणींना पक्ष्यांचं वेड या एका युक्तीने लागलं. युक्ती दोन्हीकडे चालते, अवघड तान अशीच हळू करून ऐकता येते.

तुमचं दुसरं वाक्य होतं, ‘आज सकाळी दयाळ मंजुळ आवाजात गात होता.’ मी लिहिलं असतं: ‘पाण्याच्या टाकीवर बसून दयाळ एकेक ओळ शीळेत म्हणत होता. ओळ वर जायची, वळून खाली यायची, शेवटी एक खटका. मग जरा थांबून पुढची ओळ, आधीपेक्षा वेगळी.’ दयाळाची खासियतच ती आहे, तो लवकर तेच तेच म्हणत नाही आणि मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही घुसडतो. ‘मंजुळ’मध्ये यातलं काहीच आलं नव्हतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की ‘कूजन’, ‘केका’, ‘कलरव’ असे शब्द वापरावेत का. ‘केका’ म्हणजे मोराची आरोळी. बारामतीच्या मोरोपंतांनी आपल्या नावावरून ‘केकावली’ लिहिली म्हणून तो शब्द मराठीत शाबूत आहे. पण टेकडीखालच्या वाचकाला ‘म्यांऽऊ’ लिहिलेलंच लगेच ऐकू येईल. ‘कलरव’ आणि ‘किलबिल’ हे अनेक पक्ष्यांच्या एकत्र आवाजाचे शब्द आहेत, एकट्या पाखराला लावू नका. संध्याकाळी वडावर जमलेल्या साळुंक्यांचा असतो तो कलकलाट, त्याला कलरव म्हणणं म्हणजे त्यांची भीड बाळगणं. पारवा घुमतो, टिटवी टिवटिवते, कोंबडा आरवतो. ही घरातली क्रियापदं आधी वापरून संपवा, संस्कृत मग काढा.

सदराची जागा दीडशे-दोनशे शब्दांची असेल तर एका अंकात एकच पक्षी घ्या. सुरुवात तांबटापासून करा, कारण त्यात फक्त लय लिहायची आहे. मग कोकिळ आणि पावशा जोडीने, तिथे चढ येतो. नाचण आणि सुभग त्यानंतर. दयाळ सगळ्यात शेवटी ठेवा, त्याच्यात सगळंच आहे. तो गातो साधारण मार्चपासून पावसाळा सुरू होईपर्यंत आणि थंडीत बहुतेक गप्प असतो, तेव्हा त्याचं ध्वनिमुद्रण दिवाळी अंकाच्या आयत्या वेळी मिळणार नाही, उन्हाळ्यातच करून ठेवा.